हात वर करणे म्हणजे चुगली नव्हे

बुद्धिबळ हा शांत खेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एखाद्या शालेय स्पर्धेच्या हॉलमध्ये तासभर बसून पाहावे. चाळीस पट, ऐंशी मुले. कोणी पाय हलवतो, कोणी पेनाचे टोपण सारखे उघडतो आणि मिटतो, कोणी मारलेले प्यादे बोटांत फिरवत बसतो. मैदानावरच्या खेळात असल्या गोष्टी आरडाओरड्यात बुडून जातात. इथे समोरच्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. दोघांमध्ये अंतर हातभर, डाव दोन-तीन तासांचा, आणि तोंडातून शब्द काढायची सोय नाही.

मी शाळेत गणित शिकवतो, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या स्पर्धांत पंच म्हणून उभा राहतो. आपला संघ खेळत असतो तेव्हा अर्थातच मी पंच नसतो. भिंतीला टेकून उभा असलेला मास्तर असतो. या दोन्ही जागांवरून बारा-तेरा वर्षे पाहिल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. आपल्या कॅडेट्सना डावाची सुरुवात येते, शेवटही बऱ्यापैकी येतो. शिस्तीबद्दल तर बोलायलाच नको. फेरीच्या आधी अर्धा तास बूट चकाकवून हजर असणारी मुले आपलीच. पण समोरचा खेळाडू त्रास देऊ लागला तर काय करायचे, हे मात्र त्यांना येत नाही. ती गप्प बसतात. दात आवळून खेळतात आणि हरतात.

एका जिल्हा स्पर्धेतले उदाहरण सांगतो. आठवीतला आपला एक कॅडेट तिसऱ्या पटावर खेळत होता. त्याचा प्रतिस्पर्धी वयाने मोठा, स्पर्धांत मुरलेला. आपल्या मुलाची खेळी आली की तो मारलेले प्यादे टेबलावर हळूच आपटू लागे. टक, टक, टक. स्वतःची खेळी आली की बंद. मी दोरीच्या बाहेर होतो; मला हालचाल दिसत होती, आवाज येत नव्हता. डाव संपल्यावर मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. काय झाले ते त्याने सांगितले. मी विचारले, "मग पंचांना का नाही बोलावलंस?" तो खाली पाहत म्हणाला, "सर, चुगली केल्यासारखं वाटलं असतं."

या उत्तराने मला बरेच दिवस विचार करायला लावले. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा एक अलिखित कायदा असतो. सोबत्याचे नाव सांगायचे नाही. कोणी अंथरुणात पाणी ओतले, कोणी बुटाची नाडी लपवली, तरी हाउसमास्तरांपुढे सगळ्यांची तोंडे बंद. या कायद्यात चांगलेही पुष्कळ आहे. त्यातून मैत्री होते, सोसण्याची सवय लागते, एकमेकांवर भरवसा बसतो. त्याची टिंगल करायला मी हे लिहीत नाही. पण हा कायदा डॉर्मेटरीतून उचलून पटावर नेला की नुकसान होते, आणि पुढे आयुष्यात नेला तर त्याहून मोठे होते. म्हणून चुगली कशाला म्हणायचे आणि रीतसर तक्रार कशाला म्हणायचे, हे एकदा नीट पाहायला हवे. बुद्धिबळात ते फार स्वच्छ दिसते.

आधी वेळेची गोष्ट घेऊ, कारण या खेळातले सर्वांत जुने भांडण वेळेचेच आहे. १८५१ साली लंडनला पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा पटाशेजारी घड्याळ नव्हते. खेळाडूने किती वेळ विचार करावा याला धरबंध नव्हता. इंग्लंडचे नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन यांनी एलायजा विल्यम्स या आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या संथपणाबद्दल कडवट तक्रार केली होती. संथ खेळणारा मुद्दाम छळतो आहे की खरोखर विचार करतो आहे, हे ठरवणार कोण? पुढे वाळूची घड्याळे आली. १८८३ साली लंडनच्याच स्पर्धेत दोन तबकड्यांची, आळीपाळीने चालणारी यांत्रिक घड्याळे वापरली गेली आणि प्रश्न जवळजवळ मिटला. कारण आता उशीर ज्याचा, नुकसानही त्याचेच. तू तासभर विचार कर. तो तास तुझ्याच खात्यातून जाईल. कोणी कोणावर चिडायचे कारण उरले नाही. फेरीला उशिरा येणाऱ्याचेही तसेच. किती मिनिटे थांबायचे हे स्पर्धेआधीच जाहीर केलेले असते. ती उलटली की डाव गेला.

तरीही थोडी फट राहतेच. एका राज्य स्पर्धेत नववीतल्या आपल्या कॅडेटने प्रतिस्पर्ध्याचा हत्ती फुकटात जिंकला होता. डाव संपल्यात जमा होता. समोरच्याच्या घड्याळात अडतीस मिनिटे शिल्लक होती. तो हाताची घडी घालून बसला. ना हार मानी, ना खेळी करी. नियम त्याने मोडला नव्हता. वेळ त्याचीच होती. रीत मात्र मोडली होती. समोरचा कंटाळेल, उतावळा होईल, आणि मग आपण पटकन काही खेळलो की तोही घाईत चूक करील, एवढाच त्याचा हिशोब. आपला मुलगा उठला, पाणी प्यायला, परत येऊन बसला आणि पटावरून नजर हलू दिली नाही. पंचवीस मिनिटांनी समोरून खेळी आली. मुलाने तिला तितक्याच शांतपणे उत्तर दिले आणि डाव जिंकला. मी नंतर विचारले, एवढा वेळ काय करत होतास? म्हणाला, "सर, मी त्याच्या बाजूने खेळत होतो. त्याची सगळ्यात चांगली खेळी कोणती ते शोधत होतो." अशा वेळी पंचांना बोलावण्यात अर्थ नसतो, आणि बोलावले नाही म्हणून काही बिघडतही नाही. घड्याळ आपले काम करतच असते.

म्हणजे विलंबाला घड्याळ आहे. पण व्यत्ययाला घड्याळ नाही. टेबलावर प्यादे किती वेळा आपटले, हे मोजणारे यंत्र कोणी बनवलेले नाही. ते फक्त दोघांना ठाऊक असते : करणाऱ्याला आणि सोसणाऱ्याला. पंच एकटा असतो आणि पट चाळीस. तो प्रत्येक टेबलाशी उभा राहू शकत नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी सोसणाऱ्याच्या हाती एक साधन दिले आहे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे फिडेच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे त्रास देणे यास मनाई आहे. आवाज करणे त्यात आले. पुन्हा पुन्हा बरोबरीचा प्रस्ताव देऊन डोके उठवणेही त्यात आले. आणि मौज पाहा : विनाकारण तक्रारी करत राहणे, हेसुद्धा त्याच नियमात त्रास देणे म्हणून धरले आहे. तो नियम दोन्ही बाजूंना बांधतो.

तक्रारीची रीतही ठरलेली आहे. पंचांची मदत हवी असेल तर खेळाडूला घड्याळ थांबवता येते. घड्याळ थांबवायचे, हात वर करायचा, पंच आले की घडले तेवढे सांगायचे. प्रतिस्पर्धी समोरच बसलेला असतो. तो सगळे ऐकतो, त्याला उत्तर देता येते. चुगली आणि तक्रार यांतला पहिला फरक इथेच आहे. चुगली पाठीमागे होते, तक्रार तोंडावर होते. दुसरा फरक हेतूचा. चुगली करणाऱ्याला समोरच्याला शिक्षा झालेली पाहायची असते. तक्रार करणाऱ्याला डाव नीट पुढे चालायला हवा असतो. आणि तिसरा फरक असा, की चुगली करणारा निर्णयाची जबाबदारी घेत नाही, तो सांगून पळतो. तक्रार करणारा तिथेच बसून राहतो, निर्णय विरुद्ध गेला तरी मानतो आणि पुढची खेळी करतो.

फौजेच्या भाषेत सांगायचे तर पहाऱ्यावरच्या जवानाने कुंपणापाशी काही हालचाल पाहिली आणि गार्ड कमांडरला कळवली, तर त्याला कोणी चुगलखोर म्हणत नाही. कळवले नाही, तर मात्र जाब विचारतात.

तक्रारीची वेळ चुकवूनही चालत नाही. हात लावलेली सोंगटी खेळलीच पाहिजे, हा नियम आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण त्याचे दुसरे अर्धे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रतिस्पर्ध्याने हा नियम मोडला आणि तुम्ही लगेच दाद मागितली नाही, उलट आपली सोंगटी खेळण्यासाठी हातात घेतली, तर तुमचा हक्क संपला. मग डाव हरल्यावर बाहेर येऊन "त्याने हात लावला होता" असे कितीही सांगा, त्याला काही किंमत नाही. वेळेवर मांडली ती तक्रार. वेळ गेल्यावर उरते ती कुरकुर. आपण मोठी माणसे ऑफिसात, गावात, घरात आयुष्यभर किती कुरकुर करतो आणि किती तक्रारी वेळेवर मांडतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

या नियमावरून घडलेला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. एका आंतरशालेय स्पर्धेत शेवटच्या फेरीत आपल्या संघाला तिसऱ्या क्रमांकासाठी अर्धा गुण हवा होता. आपल्या दुसऱ्या पटावरच्या कॅडेटने विचारांच्या तंद्रीत वजिराला बोट लावले, मग धोका दिसताच हात मागे घेऊन उंट खेळला. समोर एक छोटा मुलगा होता, सहावीतला असेल. त्याने घड्याळ थांबवून हात वर केला. पंच आले. त्याचा आवाज कापत होता. "सर, यांनी आधी वजिराला हात लावला." पंचांनी ते पाहिले नव्हते. शेजारच्या पटांवरच्या मुलांनीही पाहिले नव्हते. अशा वेळी पुरावा नसेल तर दावा मान्य करणे पंचाला अवघड असते. त्यांनी आपल्या कॅडेटला विचारले, "लागला होता का हात?" मी दोरीच्या बाहेरून पाहत होतो. बोलणे ऐकू येत नव्हते, पण काय चालले आहे ते कळत होते. दोन-तीन सेकंद गेले असतील. मग आपल्या मुलाने मान हलवली. उंट परत जागेवर ठेवला, वजीर उचलला, खेळला, आणि चार खेळ्यांत डाव सोडला.

परतीच्या बसमध्ये वातावरण तंग होते. तिसरा क्रमांक गेला होता. कोणीतरी मागून म्हणालेच, "कोणी पाहिलं होतं?" त्यावर तो एवढेच म्हणाला, "त्याने पाहिलं होतं ना."

या गोष्टीत आपण नेहमी आपल्या मुलाचे कौतुक करतो, आणि ते करायलाच हवे. पण मला तो सहावीतला मुलगाही तितकाच आठवतो. समोर मोठा, गणवेशातला खेळाडू. साक्षीदार कोणी नाही. दावा फेटाळला जाण्याची शक्यता जास्त. तरी त्याने हात वर केला. त्याने तो केला नसता तर आपल्या मुलाला खरे बोलण्याची संधीच मिळाली नसती. रीतसर तक्रार ही समोरच्यालाही सरळ वागण्याची संधी देते. गप्प बसून आपण ती त्याच्याकडून काढून घेतो. प्यादे आपटणाऱ्या त्या मुलाला कोणी एकदा समजावले असते, तर कदाचित त्याचेही भले झाले असते.

आता दुसरी बाजू. तक्रार हे साधन आहे, तसेच ते हत्यारही होऊ शकते. जगज्जेतेपदाच्या लढतींचा इतिहास अशा हत्यारांनी भरलेला आहे. १९७२ साली आइसलंडमध्ये रेक्याविक इथे अमेरिकेचा बॉबी फिशर आणि रशियाचा बोरिस स्पास्की यांचा सामना ठरला. फिशर उद्घाटनाला आलाच नाही. सामना पुढे ढकलावा लागला. पहिला डाव हरल्यावर कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणून तो अडून बसला आणि दुसऱ्या डावाला आलाच नाही. तो डाव खेळल्याशिवाय स्पास्कीला मिळाला. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका खोलीत खेळवायला स्पास्कीने उदारपणे मान्यता दिली. त्या खोलीत फिशर जिंकला, आणि पुढे सामनाही साडेबारा विरुद्ध साडेआठ असा जिंकला. फिशरच्या खेळाबद्दल दुमत नाही. पण त्याच्या तक्रारींपैकी किती खऱ्या आणि किती डावपेचाच्या, यावर लोक अजून वाद घालतात. ज्याच्या तक्रारीवर असा संशय येतो त्याने काहीतरी गमावलेले असते.

१९७८ साली फिलिपाइन्समधल्या बागियो इथे तर कहर झाला. कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्या सामन्यात दुसऱ्याच डावात कार्पोव्हला पटावर दह्याचा एक पेला आणून दिला. कोर्चनॉयच्या बाजूने आक्षेप आला, की दह्यातून सांकेतिक निरोप पाठवता येऊ शकतो. शेवटी दही ठरलेल्या वेळीच द्यायचे, असा निर्णय करावा लागला. कार्पोव्हच्या चमूतला एक मानसशास्त्रज्ञ प्रेक्षकांत बसून कोर्चनॉयकडे टक लावून पाहतो, अशी तक्रार झाली. कोर्चनॉय स्वतः आरशासारख्या काचांचा चष्मा घालून बसू लागला. सामना बत्तीस डाव चालला. त्यातले किती डाव आज सामान्य माणसाला आठवतात? दही मात्र सगळ्यांना आठवते.

आपल्या पातळीवरही याचे छोटे नमुने दिसतात. मी पंच असताना एका मुलाने एका डावात मला तीनदा बोलावले. समोरचा खोकतो, समोरचा पटाकडे न पाहता माझ्याकडे पाहतो, समोरच्याची बाटली माझ्या बाजूला आहे. पहिल्या वेळी मी शांतपणे ऐकले. दुसऱ्या वेळी बाटली सरकवली. तिसऱ्या वेळी त्यालाच ताकीद दिली. तक्रार करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हे थांबले तर मी नीट खेळू शकेन, की मला फक्त समोरच्याचे लक्ष उडवायचे आहे? उत्तर आपल्याला ठाऊक असते.

हस्तांदोलनाचाही एक किस्सा आहे. २००८ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेत इव्हान चेपारिनोव्हने इंग्लंडच्या नायजेल शॉर्टशी हात मिळवायला नकार दिला. पंचांनी डाव शॉर्टला बहाल केला. अपील झाले, आणि हात मिळवून डाव पुन्हा खेळावा असा निर्णय आला. दुसऱ्या दिवशी हात मिळवले गेले, डाव झाला आणि शॉर्ट पटावरही जिंकला. डावाआधीचा आणि डावानंतरचा हात हा उपचार वाटतो. पण तो सांगत असतो की पुढचे काही तास आपण भांडू, ते फक्त चौसष्ट घरांत.

आणि मोबाइल. २००३ साली बल्गेरियातल्या युरोपीय सांघिक स्पर्धेत, आदल्याच वर्षी फिडेचा विश्वविजेता झालेल्या रुस्लान पोनोमारिओव्हचा फोन वाजला आणि डाव तिथेच संपला. ज्याच्या नावामागे विश्वविजेता लागले होते त्याला जो नियम लागला तोच आपल्यालाही लागतो. आपल्या कॅडेट्सकडे फोन नसतोच, म्हणून ही ओळ मी पालकांसाठी लिहितो आहे.

पालकहो, आता तुमच्याशी दोन शब्द. मुलाच्या पटाला सर्वांत मोठा व्यत्यय कधी कधी समोरच्याचा नसून आपलाच असतो. आपण दोरीपाशी उभे राहतो. मुलाने चुकीची खेळी केली की आपला चेहरा पडतो. मुलगा मान वर करून तो चेहरा पाहतो आणि पुढची खेळी पटावर न शोधता आपल्या कपाळावरच्या आठ्यांत शोधतो. एक वडील मुलाच्या खेळीआधी खाकरत असत. सवयीने असेल, हेतू नसेल, पण समोरच्या मुलाच्या आईने हरकत घेतली आणि पंचांना त्यांना बाहेर बसायला सांगावे लागले. मुलगा जिंकला तरी त्याचा आनंद त्या खोकल्याने डागाळला. मुलांना हॉलमध्ये सोडा, चहा प्या, फेरी संपल्यावर या. आणि आल्यावर पहिला प्रश्न "काय झालं?" असा नको; "भूक लागली का?" असा असू द्या.

बघ्यांचा त्रास मोठ्या खेळाडूंनाही चुकत नाही. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२४ च्या जानेवारीत वाइक आन झे इथेच खेळली. स्पर्धेनंतर तिने उघडपणे लिहिले, की प्रेक्षक तिच्या खेळाकडे पाहण्याऐवजी कपडे, केस आणि उच्चार यांवर बोलतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. असे बोलणे सोपे नसते. "खेळाकडे लक्ष दे" असा सल्ला देणारे शंभर भेटतात. तिने जे सांगायचे ते एकदा, नावानिशी, सगळ्यांसमोर सांगितले आणि पुन्हा पटावर जाऊन बसली. २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमी इथे अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. बोलल्यामुळे ती दुबळी झाली नाही.

पण रीतसर मागणे कसे असते याचा सर्वांत चांगला धडा मला विश्वनाथन आनंदच्या २०१० सालच्या सामन्यात दिसतो. बल्गेरियाची राजधानी सोफिया इथे व्हॅसेलिन टोपालोव्हविरुद्ध त्याला विश्वविजेतेपद राखायचे होते. सामना टोपालोव्हच्या देशात, त्याच्या लोकांसमोर. त्याच सुमारास आइसलंडमधला ज्वालामुखी जागा झाला, राखेच्या ढगांनी युरोपातली विमाने जमिनीवर बसवली. आनंद फ्रँकफर्टला अडकला. अखेर सुमारे चाळीस तासांचा प्रवास रस्त्याने करून तो सोफियाला पोहोचला. त्याने सामना तीन दिवस पुढे ढकलावा अशी विनंती केली. मिळाला एक दिवस.

आता इथे दोन मार्ग होते. तीन दिवस मिळाले नाहीत म्हणून अडून बसायचे, किंवा पदरात पडलेला एक दिवस घेऊन खेळायचे. २४ एप्रिलला आनंद पटावर येऊन बसला. पहिला डाव हरला. दुसरा जिंकला. बारा डावांचा तो सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला, आणि बाराव्या डावात काळ्या सोंगट्यांनी खेळून त्याने तो साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. मागण्यात त्याला कमीपणा वाटला नाही, आणि कमी मिळाल्यावर त्याने खेळणे सोडले नाही. मागायचे रीतीने, मिळेल ते घ्यायचे, आणि मग सगळे लक्ष पटावर. मी आपल्या संघाला हेच तीन शब्दांत सांगतो : सांगा, माना, खेळा.

यापैकी "माना" सर्वांत जड जाते. पंच माणूस असतो. त्याने तुमचे म्हणणे पूर्ण ऐकूनही निर्णय तुमच्या विरुद्ध दिला, असे होईल. त्या क्षणी मनात जो राग येतो तो पुढची दहा मिनिटे खाऊन टाकतो, आणि समोरच्याने प्यादे न आपटताही तुमचे लक्ष उडते. निर्णय लागला की तो विषय संपला असे समजून खोल श्वास घ्यावा, स्कोअरशीटवर शेवटची खेळी नीट लिहिली आहे का ते पाहावे, आणि मग घड्याळ सुरू होऊ द्यावे. स्कोअरशीट लिहिताना हात थरथरत असेल तर अजून अर्धा मिनिट थांबावे. तो अर्धा मिनिट आपल्या खात्यातला आहे, तो खर्च करायची कंजुषी करू नये.

पुढच्या महिन्यात हाउसच्या स्पर्धा आहेत. आपल्याच डॉर्मेटरीतला, शेजारच्या पलंगावरचा मित्र समोर बसलेला असेल. तिथे हात वर करणे सर्वांत कठीण, हे मला माहीत आहे. रात्री मेसमध्ये त्याच्याच शेजारी बसून जेवायचे असते. म्हणून आधीच सांगून ठेवतो. ज्याच्याविरुद्ध हात वर होईल त्याने तो अपमान समजू नये, आणि ज्याने तो केला त्याला कोणी रात्री नावे ठेवू नयेत. समोरासमोर बोललेली गोष्ट पटावरच संपते. मनात ठेवलेली पलंगापर्यंत येते आणि पुढच्या सत्रापर्यंत टिकते. त्या दिवशी मी टेबलांमधून फिरत असेन. हात वर दिसला की येईन, दोघांचेही ऐकेन, आणि मग डाव पुढे चालू होईल.